चार बोल्ट, दोघांचे दोन-दोन

बसू नका मास्तर — अहो उठा, उठा — ते स्टूल नाही, ते तुमचंच इंजिन आहे. चादर घातलीय म्हणून कळलं नसेल. बायकोने घातली, धूळ बसू नये म्हणून, आणि फुलाफुलांची घातली, कारण साध्या चादरी होत्या तेवढ्या आधीच्या गिऱ्हाइकांच्या इंजिनांनी काळ्या करून टाकल्या. लागलं का कुठे? नाही ना? मग ठीक. या पेटीवर बसा, ही खरी पेटी आहे. आणि तुम्ही आज मागच्या दाराने कसे आलात? ते दार आमचं नाही. पुढचं दार आमचं, मागचं शेजारच्यांचं, आणि जमिनीवर ही पिवळी पट्टी दिसतेय ना, ऑइलपेंटची — तिच्या अलीकडे माझं गॅरेज, पलीकडे त्यांचं. छप्पर एकच आहे, हो. छप्पर कसं वाटणार? असू द्या, चुकून आला असाल तिकडून. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

तुमचं काम? चालू आहे की. इंजिन खाली उतरलंय, हे काय कमी झालं? आणि कसं ठेवलंय ते तरी बघा — चादर वर करतो, थांबा — खाली ट्रकचा जुना टायर, त्यावर दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे, आणि सगळं वजन ठोकळ्यांवर. चेंबरवर काही नाही. चेंबर म्हणजे हे खालचं तेलाचं भांडं, पातळ पत्रा असतो हो. लोक काय करतात, इंजिन काढलं की दणकन त्याच्यावरच टेकवतात. पत्रा आत दबतो, आत तेल ओढणारी नळी असते तिचं तोंड बुजतं, आणि गाडी जोडून रस्त्यावर काढली की इंजिन बसतं. मग नाव कोणाचं खराब? आमचं. तसं इथे होणार नाही. पाळण्यातल्या पोरासारखं ठेवलंय मी तुमचं इंजिन. फक्त पुढचं काम करता येत नाहीये, एवढंच.

का म्हणजे? तुमच्या गाडीचा आवाज कुठून येत होता — खालून. क्रँकच्या बेअरिंगांचा. ती बघायची तर इंजिन उलटं करायला लागतं, मग सुलटं, मग परत उलटं, आणि दर वेळी ते जिथे थांबवलं तिथे थांबायला पाहिजे, मध्येच कलंडून कोणाच्या पायावर येता कामा नये. टायरवर कसं करणार ते? गादी आहे का उलटायला? त्याला स्टँड लागतं. हो — हो, ते तिकडे आहे तेच. नजर चांगली आहे तुमची, रस्त्यावर पोरांना गाडी शिकवता म्हणून असेल. तेच स्टँड. चाकांचं, जाड पाइपाचं, पाठीमागून चार बोल्टांनी इंजिन आवळलं की हँडलने पाहिजे तिकडे फिरवा, खीळ घाला, जागच्या जागी उभं. असं स्टँड दुसरीकडे बघायला मिळणार नाही तुम्हाला. आणि ते माझंच आहे. वाटणीत मलाच आलंय.

फक्त त्याच्यावर जे इंजिन आहे ना, ते माझं नाही.

हसू नका. आमच्या मामांनी केली वाटणी. मामा भला माणूस, पण जन्म गेला कापडाच्या दुकानात — त्यांचं काय, फाडलं की झाले दोन तुकडे. इथे येऊन खुर्ची टाकून बसले, आणि हे धाकट्याला, ते थोरल्याला, हे धाकट्याला, ते थोरल्याला, असं म्हणत सगळ्या गॅरेजवर बोट फिरवत गेले. स्टँड धाकट्याला. इंजिन थोरल्याला. मी म्हटलं, मामा, ते एकमेकांना आवळलेलं आहे. तर म्हणाले, कशाने? म्हटलं, चार बोल्टांनी. मामांनी डोळे मिटून विचार केला — खरंच केला, पुष्कळ वेळ — आणि म्हणाले, मग दोन बोल्ट तुझे, दोन त्याचे. वरचे दोन माझे, खालचे दोन शेजारच्यांचे. म्हणजे माझ्या बोल्टांना त्यांनी पाना लावायचा नाही, त्यांच्या बोल्टांना मी लावायचा नाही. आता मी माझे दोन काढले, तर इंजिन राहील त्यांच्या दोन बोल्टांवर लोंबकळत — तसं कोणी करतं का? वेडा आहे का मी? आणि त्यांनी त्यांचे काढले तर राहील माझ्या दोन बोल्टांवर. ते म्हणतात, तुझं स्टँड माझ्या इंजिनाखालून काढून घे. मी म्हणतो, तुमचं इंजिन माझ्या स्टँडवरून उचलून न्या. म्हणजे म्हणत नाही, आम्ही बोलतच नाही. वहिनीकडून कळतं, बायकोकडून कळवतो.

शेजारचे म्हणजे कोण काय विचारता? थोरले भाऊ माझे. सख्खे.

वरची ही साखळीची कप्पी बघा. ही मामांना वाटताच आली नाही, कारण वर बघितलं की त्यांची मान दुखायची. म्हणून ती दिवसाआड. आज माझा दिवस, उद्या त्यांचा. एकदा गंमत झाली — गंमत कसली — वहिनीच्या पोटात दुखायला लागलं म्हणून हा माणूस तिला घेऊन दवाखान्यात गेला तो गेलाच, रात्रभर तिकडेच, आणि इथे कोणाचं तरी इंजिन साखळीला लटकत. सकाळी मी दार उघडतो तर समोर इंजिन हवेत. लटकतं इंजिन सोडून कधी जायचं नाही, मास्तर. साखळी कितीही जाड असो, इंजिन वर ठेवून माणसाने जागा सोडायची नाही, आणि त्याच्याखाली हात घालायचा नाही, पाय तर नाहीच. हे आम्हाला बाबांनी शिकवलं, दोघांनाही, एकाच वेळी, एकाच कानाखाली — म्हणजे माझ्या. चूक दादाची होती. तर मी काय केलं, ते इंजिन हळूच खाली घेतलं, टायर लावला, ठोकळे लावले. प्रेमाने नाही हं. दिवस माझा होता, साखळी माझी होती, म्हणून. वहिनीचं पोट बरं झालं का तेवढं बायकोला विचारून यायला सांगितलं, तेही साखळीच्या संदर्भातच.

तर सांगत काय होतो, स्टँड असं अडकलेलं, म्हणून गिऱ्हाइकांची इंजिनं ठेवायची कुठे? सगळं करून बघितलं. एक आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. सागवानी टेबल, सासऱ्यांनी दिलेलं. खाली आधार दिले, फळ्या ठोकल्या, आणि इंजिन मधोमध. घरातली सगळी त्याच्या कडेने ताटं घेऊन बसायची. पहिल्या दिवशी बायकोने एक ताट जास्त मांडलं, इंजिनासमोर, आणि मला विचारलं, ह्यांना काय वाढू? तिची आई आली होती राहायला, तिला कमी दिसतं, ती दोन दिवस त्या इंजिनाशी बोलत होती. म्हणाली, तुमचे पाहुणे फार शांत आहेत. मग एक दिवस टेबलाचा पाय करकरला, आणि मी ते लगेच उतरवलं, कारण पाय करकरला म्हणजे तो आपल्याला सांगत असतो, दुसऱ्यांदा सांगत नाही. एक ठेवलं मुलीच्या अभ्यासाच्या बाकावर. एकाला बांधलं खिडकीच्या गजाला. ते मी पुन्हा करणार नाही, खिडकी बदलायला लागली.

आणि तुमचं तरी काय अडलंय, मास्तर? रागवू नका, पण गाडीला इंजिन नसताना तुमचं ड्रायव्हिंग स्कूल जोरात चाललंय. रोज येतात की तुमची मंडळी. तिथे गाडीत बसतात, क्लच दाबतात, गिअर टाकतात, इंडिकेटर देतात, आरशात बघतात. त्या पोक्त बाई आहेत ना, चष्म्याच्या — काल मला म्हणाल्या, अशीच शिकायला बरी वाटते, उगाच हलत नाही. एकाने तर परवा माझ्या गिऱ्हाइकावर हॉर्न वाजवला. तुमच्या नव्या पाटीवर 'अपघातमुक्त' असं लिहिलंय, ते मी वाचलं. कोणामुळे ते सांगा.

बरं, बरं. चेष्टा पुरे. तुमचं पोट आहे त्याच्यावर, कळतं मला. परीक्षेला रस्त्यावर न्यायला लागणार गाडी, तेही कळतं. मला तरी कुठे बरं वाटतंय?

ते इंजिन कोणाचं? सांगितलं ना, थोरल्यांचं. त्याच्या आधी? त्याच्या आधी बाबांचं. बाबांच्या गाडीचं. त्यांचा जीव होता त्या गाडीवर, आम्हाला कधी हात लावू दिला नाही, आणि मग त्यांना खोकला लागला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की हे इंजिन उतरवायचं आणि नवं करून द्यायचं. ते बरे होऊन येतील तेव्हा किल्ली फिरवतील आणि — असं काहीतरी. उतरवलं, स्टँडवर चढवलं, उघडलं. आणि रिंगांवरून झालं. पिस्टनच्या रिंगा हो, एवढ्याशा. दादा म्हणाला नव्या घालू, मी म्हटलं जुन्या अजून चालतील. तो म्हणाला तुला काय कळतं, मी म्हटलं तुला काय कळतं. मग कोणाला काय कळतं यावर पुष्कळ बोलणं झालं. तोवर बाबा गेले. गाडी बाहेर उभी राहून गंजली, भंगारात गेली. इंजिन राहिलं. त्या इंजिनाला आता गाडीच नाही, आणि — नाही मास्तर, तुमच्या गाडीत नाही बसायचं ते. विचारलंत ते बरं केलंत, पण नाही. माप वेगळं.

चकाकतंय म्हणता? चकाकेल नाही तर काय. इंजिन नुसतं ठेवलं की मरतं. आतल्या भिंती गंजतात. अधूनमधून तेल सोडायचं, हाताने फिरवायचं, सगळीकडे तेल पोचलं पाहिजे. कोण करतं म्हणजे? — उंदीर करत असतील. मी कशाला करू, माझं आहे का ते? मी फक्त स्टँड बघतो. स्टँड माझं आहे. स्टँडची खीळ नीट आहे ना, मान फिरते ना, एवढं बघायला सकाळी हँडल एकदा फिरवतो. आता स्टँड फिरलं की इंजिन फिरणारच, त्याला माझा इलाज नाही. सकाळी मी चेंबर वर करून ठेवतो. खीळ घालतो. दुपारी जेवून येतो तर चेंबर खाली. कोणी केलं? मी नाही. मी संध्याकाळी परत वर करतो. सकाळी बघतो तर आडवं. असं आडवं ठेवलं म्हणजे समजायचं, तब्येत ठीक आहे, पाठ दुखतेय थोडी. म्हणजे — असं मला वाटतं. कोणी सांगितलेलं नाही.

एकदा काय झालं, मी चेंबर वर ठेवून गेलो, आणि दुपारी बघतो तर तसंच वर. संध्याकाळी वर. दुसऱ्या दिवशी वर. मी ताटावरून तसाच उठलो. बायकोला म्हटलं, जा, वहिनीकडून विरजण मागून आण. ती म्हणाली, आपल्याकडे आहे. म्हटलं, तरी आण. आली आणि म्हणाली, भाऊजींना ताप आहे, पडून आहेत. ते मला कशाला सांगतेस, म्हटलं, मी विरजण मागितलं होतं. पण मग ते इंजिन मीच दोन वेळा फिरवलं रोज, एकदा माझ्या वाटचं, एकदा त्याच्या. चौथ्या बोल्टाला गंज धरायला लागला होता — खालचा, त्याच्यातला — तर चारही काढले एकेक करून, एक काढायचा, निळं ग्रीस लावायचं, परत घट्ट बसवायचा, मग दुसरा. एका वेळी एकच, नाहीतर इंजिन पायावर. आता लोण्यात सुरी फिरावी तसे फिरतात. हे कोणाला बोलू नका. खालचे दोन त्याचे आहेत. मामांना कळलं तर परत खुर्ची टाकून बसतील.

तुम्ही सारखं मागच्या दाराकडे काय बघताय?

काय म्हणालात?

कोणाला भेटून आलात — दादाला? आत्ता? म्हणून मागच्या दाराने? अहो मास्तर, तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं का? गाडी तुमची, इंजिन तुमचं, पण हे — आणि काय म्हणाला तो? नाही म्हणाला ना? नाहीच म्हणणार, मी ओळखतो त्याला, जिद्दीचा माणूस आहे, तो जन्मात —

हो म्हणाला?

लगेच? म्हणजे विचार वगैरे काही नाही? नुसतं हो? आज काढून घेतो म्हणाला, पाना घेऊन येतो म्हणाला. बरं. छान. चांगलं झालं. स्टँड मोकळं होईल, तुमचं इंजिन चढवू, बेअरिंगं बघू, गाडी रस्त्यावर. सगळ्यांचं चांगलं झालं. मला आनंदच आहे. घाम? नाही, पत्रा तापतो ना वरचा.

मास्तर, एक विचारू? तुम्ही रोज माणसं शिकवता, तुम्हाला कळत असेल. ते इंजिन एकदा पलीकडे गेलं, त्याच्या कोपऱ्यात, त्याच्या टायरवर, तर मग तो या पट्टीपाशी कशाला येईल? काय काम राहील त्याचं इथे? आणि मी तरी कुठल्या तोंडाने जाऊ पलीकडे, काय फिरवायला? वहिनीकडून किती वेळा विरजण आणणार? तुम्हाला स्टँड दिसतं ते. मला तेवढंच आहे हो त्याच्याकडून. दुसरं काही नाही ठेवलेलं आम्ही. बोलणं नाही, जेवण नाही, पोरांच्या परीक्षा पास झाल्याचं सांगणं नाही. चेंबर वर, चेंबर खाली. आणि तुम्ही जाऊन त्याला सांगून आलात, आणि तो हो म्हणाला. लगेच.

आला. चपलांचा आवाज आहे तो. डावा पाय घासत चालतो, बाबांसारखा. तुम्ही बोलू नका काही. मीही बोलत नाही. उठू नका, बसून राहा पेटीवर.

बघा, सतरा नंबरचा पाना आणलाय. चारही बोल्टांना सतराच लागतो. वाकतोय — पाठ खरंच दुखतेय त्याची, बघितलंत, हात टेकून वाकला. कप्पीची साखळी आधी लावायला पाहिजे इंजिनाला, बोल्ट ढिले करायच्या आधी साखळी ताणून घ्यायला पाहिजे, हे त्याला कळत नाही का? कळतं. मग लावत का नाही? आज माझा दिवस म्हणून असेल. मी लावू का? नको. लावला पाना. जोर लावतोय. फिरेल आता. लोण्यासारखा फिरेल, मला माहीत आहे, मीच — गप्प बसा, मास्तर.

थांबला. बोट बघतोय स्वतःचं. आता माझ्याकडे बघतोय. आता परत बोट. पँटला पुसलं.

काय? — काय म्हणालास, दादा?

जाम आहे?

मास्तर, ऐकलंत ना? जाम आहे म्हणतोय. दोन्ही? दोन्ही जाम आहेत म्हणतोय. आणि त्याच्या बोटाला ते निळं काय, ते विचारू नका, गंज आहे तो. असतो, निळा गंज असतो, तुम्ही गाड्या चालवता, आम्ही उघडतो. थांब दादा, माझे दोन मीही बघतो. दे इकडे पाना. — हं. — हं. — नाही, हलत नाही. बघ, सगळा जोर लावला. चारही जाम. आता त्याला रोज थोडं थोडं तेल पाजायला लागणार, दोन्हीकडून. त्याला वेळ लागतो. फार वेळ लागतो. वर्षं जातात.

तुमचं इंजिन? होईल की. स्टँडवाचून अडतंय थोडंच. साखळीला अलगद घेऊ, वजन साखळीवर, एका बाजूने दादा धरेल, एका बाजूने मी, सावकाश उलटं करू आणि ठोकळ्यांवर निजवू. एकट्याने होत नाही ते, दोन माणसं लागतात, म्हणून तर राहिलं होतं. तिसरा नको मध्ये. तिसऱ्याचा पाय चेंगरतो. उठा तुम्ही, आणि त्या चष्म्याच्या बाईंना सांगा, उद्यापासून गाडीत बसायचं नाही. दादा, ती चादर धर त्या टोकाने, फुलं दिसतात ती वरची बाजू. नव्या रिंगा कशाला, ह्याच्या जुन्या चालतील अजून — बरं, घाल नव्या. घाल बाबा.

अजून इथेच आहात, मास्तर? जा ना. दारं दोन आहेत, कुठल्याही दाराने जा.